दिसण्याचा गुन्हा आणि शौचालयाचे दार

सार्वजनिक शौचालयाला बहुधा दोनच दारे असतात. एकावर ‘पुरुष’, दुसऱ्यावर ‘स्त्रिया’. तृतीयपंथी व्यक्ती या दोन पाट्यांपुढे का थबकते, हे समजून घ्यायचे तर १८७१ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षीचा गुन्हेगार जमाती कायदा भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात सर्वपरिचित आहे. त्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मुले पळवणे, त्यांचे खच्चीकरण करणे किंवा कलम ३७७ खालील गुन्हे यांचा संशय ज्यांच्यावर असे, त्यांची नावे आणि मालमत्ता सरकारी नोंदवहीत चढत. अशी नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेशात वा दागिने घालून सार्वजनिक रस्त्यावर दिसली, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. चोरी नाही, मारामारी नाही. नुसते दिसणे हाच गुन्हा. कायदा आरंभी वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबपुरताच होता. पुढे तो गेला. संशयाची नजर तेवढ्या सहजी गेली नाही.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल दिला. लक्ष्मी नारायण त्रिपाठी या त्यात हस्तक्षेपक होत्या. आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला, हे न्यायालयाने मान्य केले. त्याच निकालात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक शौचालये उभारण्याचाही आदेश आहे. हे दोन आदेश एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. जी पारलिंगी व्यक्ती स्वतःला स्त्री मानते, तिला कायद्याने स्त्री म्हणायचे आणि दार मात्र तिसरे दाखवायचे? शिवाय तिसऱ्या दारातून आत जाणे म्हणजे चार लोकांदेखत आपली ओळख जाहीर करणे. कोणाला ते दार सुरक्षित वाटते, कोणाला ती नवी नोंदवही वाटते. दोघांचेही खरे आहे.

या पेचातून वाट काढली ती एका साध्या सरकारी पत्राने. एप्रिल २०१७ मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने स्वच्छ भारत अभियानासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: पुरुषांचे की स्त्रियांचे शौचालय वापरायचे, हे तृतीयपंथी व्यक्तीने स्वतः ठरवावे. पत्राला कायद्याचे बळ नव्हते. ते काही अंशी २०१९ च्या कायद्याने दिले. जनतेसाठी खुल्या असलेल्या सुविधांच्या वापरात भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. सार्वजनिक जागी जाण्यापासून तृतीयपंथी व्यक्तीला अडवणे हा कलम १८ खाली गुन्हा झाला. शिक्षा किमान सहा महिने, कमाल दोन वर्षे. १८७१ मध्येही कमाल शिक्षा दोन वर्षेच होती. फरक एवढाच की तेव्हा ती दिसणाऱ्याला होती, आता अडवणाऱ्याला आहे. या कलमात ओळखपत्राची अटही घातलेली नाही.

२०२० च्या नियमांनी आस्थापनांतील सोयींत सर्वांना वापरता येतील अशा सामायिक स्वच्छतागृहांचाही उल्लेख केला. २०२२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या आरे वसाहतीत तृतीयपंथीयांसाठी शौचालय सुरू झाले. मात्र दादरला लोकलमधून उतरलेल्या व्यक्तीला आरेतल्या शौचालयाचा काय उपयोग? तिला समोरच्या दोन दारांतूनच एक निवडावे लागते. अनेकजणी म्हणूनच घराबाहेर पडताना पाणी पिणे टाळतात, आणि मूत्रमार्गाचे विकार ओढवून घेतात. दाराशी पैसे घेणाऱ्या माणसाला कलम १८ बहुधा कोणी सांगितलेले नसते.