महाराणी ताराबाई आणि बडोद्याचे राज्य

बडोद्याच्या गायकवाड राजवंशाचा इतिहास सांगताना पिलाजी आणि दमाजी या पितापुत्रांची नावे सर्वांच्या ओठी येतात. परंतु त्या राज्याच्या भवितव्याला ज्या राजस्त्रीच्या एका निर्णयाने कलाटणी मिळाली, त्या महाराणी ताराबाईचे स्मरण तेथे क्वचितच होते.

सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची ही कन्या छत्रपती राजाराम महाराजांची राणी. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर महाराजांचे देहावसान झाले, तेव्हा तिचे वय अवघे पंचवीस होते. अल्पवयी पुत्रास गादीवर बसवून तिने सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. नुसते किल्ले राखून ती थांबली नाही. तिच्या फौजा नर्मदेकडे वळल्या. १७०६ मध्ये धनाजी जाधवाने रतनपूर येथे मोगलांचा पराभव केला आणि गुजरातची वाट मराठ्यांस मोकळी झाली. पुढे त्याच वाटेने दाभाडे आणि गायकवाड गेले. १७३२ मध्ये डाकोर येथे पिलाजीचा विश्वासघाताने वध झाला, तरी १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती आले ते कायमचेच.

शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये निवर्तले. ताराबाईने आपला नातू म्हणून पुढे केलेला रामराजा गादीवर बसला. पण तो पेशव्यांच्या तंत्राने चालतो असे दिसताच नोव्हेंबर १७५० मध्ये तिने त्यास साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि दमाजीला साहाय्यास बोलाविले. दमाजी सुमारे १५,००० फौज घेऊन आला. निंब येथे त्यास जय मिळाला, परंतु पुढे तो वेण्णेकाठी कोंडला गेला. तहाची बोलणी चालू असतानाच पेशव्यांनी त्याच्या छावणीवर छापा घातला आणि त्यास कैद केले. त्यानंतर दमाजी पेशव्यांस डाव्या हातानेच मुजरा करी, अशी आख्यायिका आहे. अर्धा गुजरात देण्याचे मान्य केल्यावर १७५२ मध्ये त्याची सुटका झाली.

त्याच वर्षी सप्टेंबरात जेजुरीस खंडेरायाच्या देवळात ताराबाई आणि पेशवे यांनी परस्परांशी सलोख्याच्या शपथा घेतल्या. तेथेच, रामराजा आपला नातू नव्हे, असे तिने शपथेवर सांगितले. ज्या दैवतापुढे खोटे बोलण्यास सामान्य कुणबीही कचरतो, त्याच्यासमोर उच्चारलेल्या या वाक्याने छत्रपतींच्या गादीचे तेज मावळले. रामराजा नाममात्र छत्रपती उरला. सत्ता पुण्याकडे गेली.

तथापि बडोद्याचे नुकसानच झाले असे म्हणता येत नाही. पेशव्यांशी समेट झाल्यामुळेच १७५३ मध्ये रघुनाथराव आणि दमाजी यांनी मिळून अहमदाबाद घेतले. अर्धा मुलूख गेला, पण उरलेल्या अर्ध्यावरील गायकवाडांचा हक्क पक्का झाला.

डिसेंबर १७६१ मध्ये, पानिपतानंतर काही महिन्यांनीच, ताराबाई साताऱ्यास निवर्तली. तरुणपणी जिने राज्य वाचविले, तिनेच वृद्धपणी त्यात दुही माजविली, असा ठपका तिच्यावर ठेवला जातो. तो निराधार नाही. मात्र गादी ही सेवकाहून श्रेष्ठ असावी, हा तिचा आग्रह दोन्ही वेळी एकच होता, हेही न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.