आदिलाबादकडचा आमचा वाडा : सोय कुणाची, गैरसोय कुणाची?

जुन्या वाड्याचा विषय निघाला की आपल्या माणसांत दोन तट पडतात. एक म्हणतो, "काय ते दिवस, तीस माणसं एका पंगतीला!" दुसरा म्हणतो, "सुटलो एकदाचे." माझं लहानपण आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याकडच्या एका गावात, अशाच वाड्यात गेलं. तो विकायचा की ठेवायचा, यावर सध्या आमच्या घरात बोलणी चालू आहेत. म्हणून दोन्ही बाजू लिहिते.

आधी नव्या पिढीसाठी थोडा इतिहास. आपला हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, तिथे इंग्रजांचा अंमल. दोन्ही काठांवर बोली मराठीच आणि सोयरिकीही इकडच्या तिकडे. १९५६ साली भाषावार राज्यं झाली तेव्हा जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, आपण आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ पासून तेलंगणा. वाडा जागचा हलला नाही, पण त्याचे कागद मात्र काही मोडीत, काही उर्दूत आणि काही तेलुगूत आहेत. ते तिन्ही वाचू शकेल असं आज घरात कुणी नाही.

वाडा म्हणजे सागवानी खांब, मातीच्या जाड भिंती, वर कवेलू आणि मधोमध चौक. आपल्याकडे सागाचं रान जवळ, त्यामुळे लाकडाला तोटा नव्हता. पण निजामी मुलखात वेठबिगार चालायची हेही खरं. ते खांब कुणाच्या खांद्यावरून आले, हे आमच्या घरात कधी कुणी सांगितलं नाही.

आता फायदे. सगळ्यात मोठा फायदा सहसा कुणी बोलत नाही, तो म्हणजे साठवायला जागा. वेचलेला कापूस माडीवर भरून ठेवता यायचा. ज्याचं घर दोन खोल्यांचं, त्याला घरात आलेला माल पडेल त्या भावात लगेच विकावा लागायचा. आजोबा थांबू शकत. आदिलाबादच्या बाजारात भाव चढला की मग गाड्या जुंपल्या जायच्या. मोठ्या घरानं आम्हाला सावली दिली तशी थांबायची ताकदही दिली. गावातल्या पुष्कळांकडे ती नव्हती.

दुसरा फायदा आत्याचा. ती बावीस वर्षांची असताना विधवा होऊन माहेरी आली. ती कुठे झोपणार, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. दोन खोल्यांच्या घरात तो पहिल्याच दिवशी पडला असता. आजूबाजूच्या खेड्यांतली नात्यातली पोरंही शाळेसाठी वर्षानुवर्षं आमच्या ओसरीवर राहिली.

पण मोठं घर लपवता येत नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांची धास्ती होती, तेव्हा भरलं घर आधी नजरेत भरायचं. आमच्या माणसांनी कुलूप लावून पैनगंगा ओलांडली आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर ती परतली. आजी सांगायची, कुलूप जागेवर होतं, पण मागची भिंत फोडलेली होती.

आणि रोजची गैरसोय बायांच्या वाट्याला. दर आठवड्याला शेणानं सारवण, रोज सडा, आडाचं पाणी, तीस माणसांच्या भाकरी. पंगतीचं कौतुक करणाऱ्यांनी शेवटच्या पंगतीला काय उरायचं ते आईला विचारावं. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, वानरांनी फोडलेले बदलायचे, खांबांची वाळवी बघायची. एक वर्ष हयगय झाली की भिंत पाणी प्यायलीच म्हणून समजा.

आजोबा १९७१ मध्ये गेले. मृत्युपत्र नव्हतं. भावांनी वाटणी केली नाही, फक्त चुली वेगळ्या केल्या. पुढे एकानं चौकात भिंत घातली आणि दोन खोल्या कायमच्या अंधाऱ्या झाल्या. वाडा कागदावर एक, आत चार घरं.

या सगळ्यात आत्याचा हिस्सा कुठे होता? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या वाट्यात मुलीला वारस केलं. पण त्याच कायद्याचं कलम २३ राहत्या घरापुरतं आडवं यायचं. पुरुष वारस वाटणी करत नाहीत तोवर मुलीला ती मागता येत नसे. विधवा मुलगी म्हणून आत्याला तिथे राहण्याचा हक्क होता, तेवढाच. आंध्र प्रदेशानं १९८५ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना जन्मतः हिस्सा दिला, महाराष्ट्राच्या नऊ वर्षं आधी. पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. कलम २३ गेलं ते २००५ मध्ये. तोवर आत्यानं त्या घरात चाळीस वर्षं सारवण केलं होतं.

आज पुण्या-हैदराबादेतले माझे चुलतभाऊ दोन गोष्टी म्हणतात. काही म्हणतात, आठवण आहे, ठेवा. काही म्हणतात, दुरुस्तीला पैसे कुणी द्यायचे, विका. दोघांचंही मला पटतं. पण ठेवा म्हणणारे दिवाळीला दोन दिवस येतात आणि विका म्हणणाऱ्यांनी हिशेब फक्त भावांचा मांडलाय. ज्यांना सोय मिळाली आणि ज्यांनी ती राखली, ती माणसं वेगळी होती. माझं म्हणणं एवढंच की काहीही ठरवा, आधी आत्याचा हिस्सा तिच्या नावानं लिहा.

आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे आणि वाड्यात एकटीच राहते. तिला विचारलं तर म्हणाली, "विकणार असाल तर माझं माझ्या हातात द्या. ठेवणार असाल तर पाऊस लागायच्या आत कवेलू फेरा."

मंडळी, तुमच्याकडच्या वाड्यांचं काय झालं? वाटणी झाली असेल तर बहिणी-आत्यांना धरून झाली का, तेही लिहा. आमच्या बैठकीत ते वाचून दाखवीन.