न्यूमोनिया कोणामुळे? बालकांच्या फुप्फुसातील शोधाची कथा (थ्रेड)

१/ न्यूमोनिया झालेला प्रौढ खोकून बेडका देतो आणि प्रयोगशाळेला नमुना मिळतो. तान्हे मूल मात्र कफ गिळून टाकते. आजार फुप्फुसाच्या खोल भागात असतो, तर वैद्याचा हात नाक, घसा आणि रक्त यांपुढे जात नाही. बालकांच्या न्यूमोनियाचे कारण शोधण्याचा इतिहास हा या अडचणीशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे.

२/ १८८१ साली अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग आणि फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एक जिवाणू वर्णिला. तोच पुढे न्यूमोकोकस म्हणून ओळखला गेला. लक्षात ठेवावी अशी बाब ही की, स्टर्नबर्ग यांना तो स्वतःच्याच लाळेत सापडला होता आणि त्यांना न्यूमोनिया झालेला नव्हता!

३/ १८८४ मध्ये बर्लिनमध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी न्यूमोनियाने मृत झालेल्यांच्या फुप्फुसांतील जिवाणू रंगवून दाखवण्याची पद्धत शोधली. ‘ग्राम-पॉझिटिव्ह’ आणि ‘ग्राम-निगेटिव्ह’ हे शब्द तिच्यामुळेच रूढ झाले. परंतु शवविच्छेदनातून मिळणारे उत्तर त्या रुग्णाच्या उपयोगाचे नसते.

४/ जिवंत बालकाचे उत्तर पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथे शोधले गेले. फ्रँक शान आणि सहकाऱ्यांनी छातीतून सुई घालून थेट फुप्फुसातील द्रव तपासला. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील ८३ बालकांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या फुप्फुसात किंवा रक्तात जिवाणू आढळले. प्रमुख होते न्यूमोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा.

५/ जिवाणू असतील तर प्रतिजैविके जीव वाचवतील. पण खेड्यात न्यूमोनिया ओळखायचा कसा? गोरोकातील याच गटाने सोपी खूण सुचवली : मिनिटाला किती श्वास, ते मोजा. महाराष्ट्रात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या गावांत आरोग्यसेवकांना अशा खुणांवरून आजार ओळखून औषध देण्याचे शिक्षण दिले. तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले, हे १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

६/ सुईची पद्धत मात्र जोखमीची होती. मग संशोधकांनी प्रश्न उलटा केला : एक जंतू लसीने दूर केला तर किती आजार नाहीसा होतो? गॅम्बियात हिब लसीमुळे क्ष-किरणांत दिसणारा न्यूमोनिया २१ टक्क्यांनी घटला (१९९७), तर न्यूमोकोकल लसीमुळे ३७ टक्क्यांनी (२००५). प्रतिबंधाचे साधनच पुरावा ठरले.

७/ लसी आल्यावर उरलेला न्यूमोनिया कशामुळे? २०११ ते २०१४ या काळात आफ्रिका आणि आशियातील सात देशांत ‘पर्च’ हा अभ्यास झाला. तीव्र न्यूमोनियाची ४,२३२ बालके आणि त्याच परिसरातील, रुग्णालयात दाखल नसलेली ५,११९ बालके तपासली गेली. हा दुसरा गट कशासाठी? स्टर्नबर्ग यांची लाळ आठवा. निरोगी मुलांच्या नाकाघशातही तेच जंतू असतात. म्हणून जंतू सापडणे म्हणजे कारण सापडणे नव्हे.

८/ २०१९ मध्ये निष्कर्ष आले. एचआयव्ही नसलेल्या आणि क्ष-किरणांत दोष दिसलेल्या बालकांत सुमारे ६१ टक्के आजार विषाणूंमुळे, २७ टक्के जिवाणूंमुळे आणि ६ टक्के क्षयामुळे झाल्याचा अंदाज निघाला. एकट्या आरएसव्ही या विषाणूचा वाटा ३१ टक्के होता. यामुळे गोरोका खोटे ठरत नाही. पद्धती वेगळ्या होत्या आणि मधल्या काळात अनेक ठिकाणी लसीही पोहोचल्या होत्या.

९/ आरएसव्ही नवखा नव्हता. रॉबर्ट चॅनॉक यांनी तो १९५७ मध्येच बाल्टिमोरच्या आजारी बालकांत ओळखला होता. १९६६-६७ च्या चाचण्यांत मात्र लस घेतलेल्यांत आजार उलट बळावला आणि दोन बालके दगावली. गर्भवतींना देऊन नवजातांचे रक्षण करणारी लस अमेरिकेत मान्य झाली ती २०२३ मध्ये. कारण ओळखण्यापासून संरक्षणापर्यंतचे अंतर ६६ वर्षांचे ठरले.

(समाप्त)