नकाशाबाहेरची पश्चिम

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या नॅशनल लीगचे १९६९ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग पाडण्यात आले. बारांपैकी सहा संघ पश्चिमेच्या वाट्याला आले : लॉस एंजेलिस डॉजर्स, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, त्याच वर्षी लीगमध्ये आलेला सॅन डिएगो पाड्रेस, ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज, सिनसिनाटी रेड्स आणि अटलांटा ब्रेव्ह्ज. नकाशा पाहिला तर शेवटची दोन नावे बुचकळ्यात टाकतात. त्यांच्याहून पश्चिमेला असलेली शिकागो व सेंट लुईस ही शहरे पूर्व विभागात होती!

या पश्चिमेचे दोन आधारस्तंभही मूळचे न्यूयॉर्कचे. डॉजर्स ब्रुकलिनमधले, जायंट्स मॅनहॅटनमधले. १९५८ च्या हंगामापासून दोघे कॅलिफोर्नियात खेळू लागले आणि येताना आपले जुने वैरही घेऊन आले.

वर्गीकरण ही अभ्यासाची सोय, असे वाङ्मयेतिहास शिकवताना आपण सहज म्हणून जातो. मात्र कोण कोणाशेजारी बसवला गेला, यावर त्याचे मूल्यमापन ठरू लागते, तेव्हा त्या सोयीची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. १९९३ साली ती जायंट्सनी मोजली. कोलोरॅडो रॉकीज आल्याने विभागात आता सात संघ होते आणि पुढच्या फेरीत प्रवेश फक्त विभागविजेत्याला. जायंट्सनी १६२ पैकी १०३ सामने जिंकले, अटलांटाने १०४. शेवटच्या दिवशी जायंट्स हरले ते डॉजर्सकडूनच, १२-१ असे. पूर्व विभागात फिलाडेल्फिया ९७ विजयांवर अव्वल ठरला आणि पुढे लीगचा विजेताही झाला. जायंट्स घरी बसले. अटलांटा पूर्वेत असता, तर पश्चिम विभाग जायंट्सचाच होता.

१९९४ साली तीन विभाग झाले. अटलांटा पूर्वेत गेला, सिनसिनाटी व ह्यूस्टन मध्य विभागात. १९९८ मध्ये अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स आला आणि पश्चिम आजच्या पाच संघांची झाली. उपविजेत्यासाठी 'वाइल्ड कार्ड'चे दारही उघडले. ते प्रत्यक्षात आले १९९५ साली, कारण आदल्या वर्षीचा हंगाम खेळाडूंच्या संपामुळे अर्धवट राहिला होता.

२०२१ मध्ये जायंट्सनी १०७ सामने जिंकून विभाग जिंकला, डॉजर्सनी १०६. एका विजयाने मागे राहिलेले डॉजर्स याच दारातून आत आले आणि त्यांनी जायंट्सनाच बाहेर काढले. १९९३ साली नसलेल्या सोयीचा लाभ अखेर मिळाला तो जुन्या वैऱ्याला. नियम सुधारतात, सीमा बदलतात. परंतु ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच त्याची भरपाई मिळेल, अशी हमी कोणतेही वर्गीकरण देत नाही.