बाळगोळी : मायेच्या हातून गेलेलं विष

मुंबईच्या गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची परिस्थिती तपासण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांना नेमलं होतं. त्यांचा अहवाल १९२२ साली सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये छापून आला. त्यातली एक नोंद वाचून आजही अंगावर काटा येतो. गिरणी कामगार बायकांच्या १०० पैकी ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती.

ही अफू 'बाळगोळी'च्या रूपात पोटात जायची. आपल्या आज्या सहाणेवर उगाळून द्यायच्या त्या बाळगुटीशी हिची गल्लत करू नये. बाळगोळीत अफू असायची आणि ती बाजारात सहज मिळायची. अफूची दुकानं सरकारी परवान्याने चालत आणि त्यातून सरकारला महसूल मिळे. म्हणजे एका खात्याने विकायला परवानगी दिलेल्या वस्तूवर दुसरं खातं अहवाल लिहीत होतं.

आई असं का करत होती? उत्तर घड्याळात आहे. १९२२ च्या कायद्याने गिरणीतला कामाचा दिवस कमी केला, तरी तो ११ तासांपर्यंत असू शकत होता. बाळंतपणानंतर कामावर गेलं नाही तर पगार नाही, आणि जागाही जाण्याची भीती. चाळीच्या एका खोलीत बाळ कुणा म्हातारीच्या किंवा थोरल्या मुलीच्या हवाली. ते रडत राहिलं तर सांभाळणार कोण? गोळी दिली की बाळ झोपायचं.

पण ती झोप निरोगी नव्हती. अफूने श्वास मंदावतो आणि तान्ह्या बाळात तो थांबूही शकतो. गुंगीतलं बाळ दूध मागत नाही, त्याचा कोठा बांधला जातो, ते सुकत जातं. जरा जास्त मात्रा झाली की संपलंच. गोळीत नेमकी किती अफू आहे हे ना आईला माहीत, ना दुकानदाराला.

त्या काळच्या साहेबांनी आणि आपल्यातल्याही काही शहाण्यांनी दोष दिला तो अडाणी आईला. पण साहेबांच्या देशात तरी वेगळं काय होतं? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरणगावांत 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं अफूचं औषध बाळांना पाजलं जायचं. अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' घरोघरी होतं, त्यात मॉर्फिन असायचं. म्हणजे प्रश्न धर्माचा, जातीचा किंवा देशाचा नव्हता. जिथे आईला गिरणीत उभं केलं आणि बाळाची सोय केली नाही, तिथे अफू आली.

हे ओळखणारी माणसंही होती. आपल्याच जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यातल्या, गोरेगावचे नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात असंच विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. १९३१ मध्ये व्हिटली यांच्या शाही कामगार आयोगाने गिरण्यांत पाळणाघरं हवीत असं सुचवलं, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० पेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्याला पाळणाघर बंधनकारक झालं. याला कडू बाजूही आहे. मुंबईच्या गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण पुढे घटतच गेलं. तरी या धडपडीतून एक गोष्ट दिसते. आईला नुसता उपदेश करून भागत नाही, तिच्या भोवतीची व्यवस्था बदलावी लागते.

तोच धडा आजच्या घरांनाही लागू आहे. उरणमध्ये डिझेल, थिनर, रॉकेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेलं सहज दिसतं. संडास धुण्याचं ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत असतं. दादीजानची साखरेची आणि ब्लड प्रेशरची गोळी उशाशी असते. यातली एखादीच गोळी दोन वर्षांच्या मुलाचा जीव धोक्यात आणू शकते. सुरम्याचंही तेच. बाजारातल्या पुष्कळ सुरम्यात शिसं असतं. १९६८ मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने डोळ्यांत घालायच्या अशा प्रसाधनातून मुलांना झालेली शिशाची विषबाधा नोंदवली होती. मूल डोळे चोळतं आणि तीच बोटं तोंडात घालतं. सुरम्याबद्दल आपल्या मनात आदर आहे, म्हणून डबीतलं शिसं निरुपद्रवी होत नाही.

अमेरिकेने १९७० मध्ये कायदा करून औषधांना आणि घातक रसायनांना लहान मुलांना सहज न उघडणारी झाकणं सक्तीची केली. तिथेही आईला शिकवण्यावर न थांबता झाकण बदललं. आपल्याकडे अशी झाकणं सगळीकडे नाहीत, तोवर उंच कप्पा आणि कडी हेच आपलं झाकण. रसायन मूळ डब्यातच ठेवा, पिण्याच्या बाटलीत कधीच नको. औषधाला 'गोड गोळी' म्हणू नका.

मुलाने काही प्यायलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. रॉकेल फुप्फुसात जातं, ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा जाळतं. मूल गुंगीत असेल तर तोंडाने काहीही देऊ नका. १०८ ला फोन करा आणि ती बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट दवाखान्यात सोबत न्या.

आणि अशा घरी गेलात, तर "लक्ष कुठे होतं तुझं?" असं त्या आईला विचारू नका. शंभर वर्षांपूर्वीही हाच प्रश्न विचारला गेला होता आणि त्याने एकही बाळ वाचलं नाही. औलाद ही अमानत आहे असं आपण म्हणतो. ती एकट्या आईकडे दिलेली नाही. बाप, दादी, शेजारी, दुकानदार, सरकार, सगळ्यांकडे दिलेली आहे.