कोल्हापूरचे दोन खासदार

कोल्हापुरातून एके काळी एकाच मतदारसंघाचे दोन खासदार दिल्लीला गेले, असे सांगितले की माझ्या वर्गातली पोरे हसतात. १९५७ साली हे घडले. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर सर्वसाधारण जागेवर आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे शंकरराव खंडेराव दिगे राखीव जागेवर निवडून आले. बाबासाहेब जाऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

प्रत्येक मतदाराला दोन मते. दोन्ही एकालाच देता येत नसत. म्हणून दिग्यांना गावाची मते लागत आणि महागावकरांना आमच्या वस्तीची. १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्यानंतरची ही तडजोड. ती पुरेशी होती असे मी म्हणत नाही. याच पद्धतीत १९५२ साली मुंबईत खुद्द बाबासाहेब पडले. तरी पाटलाला महारवाड्यात मत मागायला यावेच लागे.

मग ही पद्धत गेली कशी? आंध्रात पार्वतीपुरमला १९५७ साली दोन्ही जागा आदिवासींनी जिंकल्या आणि व्ही. व्ही. गिरी पडले. सर्वोच्च न्यायालयातही ते १९५९ साली हरले. १९६१ साली संसदेने कायदा करून द्विसदस्य मतदारसंघच मोडीत काढले. मतदारसंघ अवाढव्य होतात, खर्च परवडत नाही, असे म्हटले गेले. मतदारसंघ तर १९५२ सालीही तेवढेच अवाढव्य होते. राखीव उमेदवाराने खुली जागा घेतल्यावरच ते डोळ्यांत का खुपले?

१९६२ पासून कोल्हापूर एका खासदाराचे, सर्वसाधारण. माझ्या वर्गात दिगे हे नाव मी सांगेपर्यंत कुणी ऐकलेले नसते.