घरच्या चित्रमुद्रणाची कथा

1956 हे वर्ष भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाल्याचे वर्ष म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात अमेरिकेतील शिकागो शहरी अँपेक्स या कंपनीने एक नवे यंत्र लोकांपुढे मांडले. दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर ते चालते चित्र आणि ध्वनी ही दोन्ही साठवून ठेवीत असे. त्याची किंमत सुमारे पन्नास हजार डॉलर होती. भोपाळात त्या वेळी दूरचित्रवाणी नव्हती; दिल्लीतदेखील ती 15 सप्टेंबर 1959 रोजी आली. परंतु पुढे अर्धशतकाच्या आत, जे काम अँपेक्सचे अवजड यंत्र करी तेच काम घरातील जुन्या संगणकाकडून करवून घेणारे हौशी कारागीर देशोदेशी निर्माण झाले. त्यांच्या या उद्योगाकडे केवळ रिकामपणाचा खेळ म्हणून पाहणे योग्य होणार नाही.

याचे कारण असे की, जे प्रक्षेपित होते ते जपले जातेच असे नाही. चित्रफीत महाग होती, म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवे मुद्रित करण्याची रीत पडली. ब्रिटनच्या बीबीसीने 1960 ते 1980 या काळात आपले कितीतरी कार्यक्रम अशा रीतीने गमावले. आपल्या दूरदर्शनच्या आरंभीच्या वर्षांतील पुष्कळ कार्यक्रमांचीही हीच गत झाली. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे अनेक भाग नाहीसे झाले. तथापि हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी मात्र आज उपलब्ध आहे. तो संस्थेने जपलेला नव्हे. घरी बसून दूरचित्रवाणीच्या संचाजवळ ध्वनिमुद्रक ठेवणाऱ्या प्रेक्षकांनी तो जपला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी मॅरियन स्टोक्स या बाईंनी तीस वर्षांहून अधिक काळ अहोरात्र बातम्या मुद्रित केल्या. 2012 साली त्या निवर्तल्या तेव्हा त्यांच्यामागे सुमारे 70 हजार फिती उरल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना जे वेड वाटावे, ते कालांतराने इतिहासाचे साधन ठरले.

आपल्या देशातही दूरचित्रवाणीचा आणि घडणावळीच्या कामाचा संबंध जुना आहे. 1 ऑगस्ट 1975 पासून एक वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांना कार्यक्रम दाखविण्यात आले. त्या सहा राज्यांत मध्य प्रदेश होता. या खेड्यांतून जे आकाशक बसविले, त्यांच्या तबकड्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीच्या होत्या. अंतराळातून येणारे चित्र खुराड्याच्या जाळीने झेलता येते, हा धडा त्या प्रयोगाने दिला.

संगणकाची पाळी पुढे आली. 1999 साली अमेरिकेत ‘टीव्हो’ नावाचे तयार यंत्र बाजारात आले. फितीऐवजी ते चकतीवर मुद्रण करी. 2002 साली आयझॅक रिचर्ड्स या तरुणाने ‘मिथ टीव्ही’ नावाची आज्ञावली रचली आणि ती सर्वांना विनामूल्य खुली केली. आता हौशी माणसाला हवे होते ते एवढेच : एक जुना संगणक, त्यात बसणारे ट्यूनर कार्ड आणि पुरेशी मोठी हार्ड डिस्क.

यातील खरी अडचण जागेची, आणि ती साध्या हिशेबाने समजते. आपल्याकडील पाल पद्धतीत चित्राच्या 625 रेषा असून सेकंदाला 25 चित्रे येतात. ती जशीच्या तशी अंकांत उतरवली तर एका तासाला सुमारे 75 गिगाबाइट जागा लागते. म्हणजे 80 गिगाबाइटची डिस्क तासाभरातच भरून जाईल. परंतु एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जो भाग बदलतो, मुख्यत्वे तेवढाच नोंदविला, तर तेच काम तासाला सुमारे दोन गिगाबाइटमध्ये भागते आणि त्याच डिस्कवर चाळीस तास मावतात. या संक्षेपाचे गणित कार्डावरील चिप स्वतः करू लागली, तेव्हाच जुना, मंद संगणकही उपयोगी पडू लागला. त्यातही अमेरिकेतील पद्धत 525 रेषांची. कार्डाची मांडणी त्या पद्धतीवर राहिली की चित्र फाटके तरी दिसे किंवा रंग उडे. अशा चुका शोधण्यातच या छंदाचे अर्धे शिक्षण आहे.

भोपाळपुरता या छंदाला मोठा अडसर आला तो 2013 साली. केबलचे प्रक्षेपण सांकेतिक आणि अंकीय करण्याच्या सरकारी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात 38 शहरे होती. त्यांत भोपाळचा समावेश होता आणि मुदत होती 31 मार्च 2013. प्रत्येक घरी सेट टॉप बॉक्स आला. केबलची तार सरळ कार्डाला जोडून वाहिन्या पकडण्याचे दिवस संपले. यावर हौशी लोकांची युक्ती सर्वत्र एकच असे. बॉक्समधून बाहेर पडणारे चित्र कार्डाला द्यायचे, आणि वाहिनी बदलण्यासाठी बॉक्सच्या तोंडाशी एक अवरक्त दिवा चिकटपट्टीने लावायचा. संगणक त्या दिव्याच्या द्वारे रिमोटची नक्कल करी. दूरदर्शनने 2004 सालच्या डिसेंबरात सुरू केलेली मासिक वर्गणी नसलेली उपग्रह सेवा हा दुसरा मार्ग होता. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या मराठी घरांना सह्याद्री वाहिनी तिच्यातून मिळू शकली. नाटक, कीर्तन, मुलाखत यांतील जे पुन्हा दिसेल याचा भरवसा नाही, ते मुलांसाठी राखून ठेवण्याची सोय अशा घरांना विशेष मोलाची होती.

मग हे मुद्रण चोरी नव्हे काय? हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. 17 जानेवारी 1984 रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय झाला की, कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे हा गुन्हा नव्हे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील 39 वे कलमही, प्रक्षेपणाच्या हक्काबाबत, स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला मोकळीक देते. विक्री किंवा वाटप यांना ती लागू नाही. ही मर्यादा न्याय्यच म्हटली पाहिजे.

कायदा अशी मोकळीक देतो, परंतु यंत्रे ती हळूहळू काढून घेत आहेत. इंटरनेटवरून येणारा कार्यक्रम कुलूपबंद असतो. दाखविणाऱ्याने तो काढून घेतला की पाहणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. फिती पुसणाऱ्या संस्थांना निदान खर्चाची सबब होती. आता साठवण स्वस्त असूनही विसरण्याची व्यवस्था पक्की होत आहे. अशा वेळी जुन्या संगणकात कार्ड बसवून एखादे कीर्तन मुलांसाठी जपणाऱ्या माणसाचे काम लहान मानू नये. बीबीसीचा हरवलेला आवाज अशाच घरांतून परत मिळाला होता.